आईने भरलेला फॉर्म

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘पालकत्व आणि स्वायत्तता’ असा छापलाय. विषय भारदस्त आहे, पण त्यासाठी मी ग्रंथ आणलेला नाही, एक सिनेमा आणलाय. ‘हॅरॉल्ड अँड मॉड’, साल १९७१. कॉलिन हिगिन्स या तरुणाने विद्यापीठात सिनेमा शिकत असताना तो प्रबंध म्हणून लिहिला आणि हॅल ॲशबीने दिग्दर्शित केला. खर्च साधारण १२ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळच. डिसेंबरात लागला आणि पडला. समीक्षकांनी झोडपलं. पुढे मात्र मिनेसोटातल्या एडायना गावच्या वेस्टगेट थिएटरात हाच सिनेमा दोन वर्षांहून जास्त चालला. शेवटी आसपासचे रहिवासी फलक घेऊन बाहेर उभे राहिले, की आता कृपा करा, दुसरं काहीतरी लावा!

लोकांना आठवतं ते त्यातलं विचित्र प्रेम. विशीच्या आसपासचा हॅरॉल्ड आणि ऐंशीला टेकलेली मॉड. मला आज त्याच्या आईबद्दल बोलायचंय.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठी हवेली, नोकरचाकर, वडिलांचा पत्ता नाही. मुलाचा छंद असा की आपण आत्महत्या केली आहे असा देखावा उभा करायचा. पहिल्याच प्रसंगात तो लटकलेला दिसतो. आई खोलीत येते, पाहते आणि शांतपणे फोन करायला बसते. जाता जाता सांगते, जेवण आठ वाजता आहे. पुढे तो पोहण्याच्या तलावात पालथा तरंगत असतो आणि ती बाजूने पोहत निघून जाते. आपण हसतो. आणि हसताना थोडं अवघडतोही, ते बरंच आहे.

मग आई ठरवते, पोराचं लग्न करून टाकू. त्यासाठी ती संगणकावर जोड्या जुळवणाऱ्या एका संस्थेचा फॉर्म मागवते. ही कल्पना तेव्हा नवीनच होती. १९६५ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ सुरू केलं. ३ डॉलर भरायचे, लांबलचक प्रश्नावली लिहून पाठवायची, आणि संगणक तुम्हाला काही नावं काढून द्यायचा. सिनेमातला फॉर्म त्याच जातीचा.

हा प्रसंग नीट बघा. आई प्रश्न मोठ्याने वाचते. नवीन माणसांना भेटताना तुम्हाला अवघडल्यासारखं होतं का? उत्तर तीच देते, होतं, हो ना हॅरॉल्ड? सुरुवातीची दोन-चार उत्तरं खरोखर त्याच्याबद्दलची आहेत. मग हळूच गाडी रूळ बदलते. थकवणाऱ्या दिवसानंतर डोकं दुखतं का? हो, माझं दुखतं बाई. फाशीची शिक्षा असावी का? असावी, माझं तरी तेच मत. लोकांत मिसळणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं का? छे, मुळीच नाही! ज्या मुलाला नवी माणसं भेटली की अवघडल्यासारखं होतं असं तिने दोन मिनिटांपूर्वी लिहिलं, त्याच्याच नावावर हे उत्तर जातं. आणि मध्येच एक प्रश्न येतो, आयुष्य जगण्यासारखं नाही असं तुम्हाला कधी वाटतं का? इथे ती क्षणभर थांबते, हॅरॉल्डला विचारल्यासारखं करते आणि लिहून टाकते, ‘नक्की सांगता येत नाही’. समोर तो पिस्तुलात गोळ्या भरतोय. आधी नळी आईकडे जाते, मग स्वतःकडे वळते. आवाज होतो, तो खुर्चीसकट मागे पडतो. ती वैतागून त्याचं नाव घेते आणि पुढचा प्रश्न वाचते.

‘तुम्ही’ने सुरू झालेला प्रश्न ‘मी’ने संपतो आणि उत्तर मात्र ‘त्या’च्या नावावर जमा होतं. तत्त्वज्ञानात ज्याला आपण व्यक्तीची स्वायत्तता म्हणतो ती कुठे हरवते, याचं इतकं नेमकं प्रात्यक्षिक मला तरी कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. मराठीत तर हे आणखी सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ आहे. “यंदा आमची दहावी आहे.” “आम्हाला गणित जमत नाही हो.” “आम्ही सायन्सलाच जाणार.” बोलणारी आई पंचेचाळीसची असते, दहावी शेजारी मान खाली घालून उभी असते. त्यात माया असते, नाही असं मी म्हणत नाही. विवाहमंडळाच्या फॉर्मवरच्या ‘अपेक्षा’ नावाच्या रकान्यात कुणाचं अक्षर असतं, हे मात्र इथे बसलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

आता कुणी म्हणेल, काळजी करणं हा काय गुन्हा आहे? नाहीच. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये सांगितलं की माणसाच्या स्वतःच्या भल्याचं कारण पुढे करून त्याच्यावर सक्ती करू नये. पण तिथेच त्याने लहान मुलांना या नियमातून वगळलं. ते रास्तच आहे. चार वर्षांच्या मुलाला रस्त्यावर हात धरून ओढावंच लागतं. अडचण अशी की हा हात सोडायचा कधी, याची तारीख कायदा सांगतो, पण आईच्या हाताला ती कळत नाही. हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाच्या १९६९च्या पुस्तकात एक किशोरवयीन मुलगा तक्रार करतो की आई माझ्या डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते. पुढे त्यावरूनच ‘हेलिकॉप्टर पालक’ हा शब्द रुळला.

हॅरॉल्डची आई हेलिकॉप्टर आहे का? मला वाटतं, आहे, आणि तिची गंमत अशी की तिने खाली कधी पाहिलेलंच नाही. मुलाचे कपडे, गाडी, डॉक्टर, बायको, सगळं ती ठरवते. त्याची जुनी शववाहिका काढून नवी कोरी जॅग्वार देते, तो त्या जॅग्वारचीच शववाहिका करून टाकतो. काळजी आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी करायला समोरचा माणूस लागतच नाही, आपली भीती पुरते. लक्ष द्यायचं तर तो माणूस समोर असावा लागतो.

संगणकाने पाठवलेल्या तीन मुलींचं काय होतं ते तुम्ही स्वतः बघा. पहिली पळून गेल्यावर हॅरॉल्ड थेट कॅमेऱ्यात पाहून जो हसतो, ते चुकवू नका. तिसरी नटी निघते. त्याचा खोटा मृत्यू तिला इतका आवडतो की तीही ज्युलिएट होऊन जमिनीवर मरून पडते. तेवढ्यात आई येते आणि ओरडते, हॅरॉल्ड, ही तुझी शेवटची होती!

हे सगळं येतं कुठून, ते तो फक्त मॉडला सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. तो गुपचूप घरी आला. आईकडे पाहुणे होते. दारात पोलीस आले आणि मुलगा गेला असं सांगू लागले. जिन्यावरून तो पाहत होता. आईने एक हात कपाळाला लावला, दुसरा आधारासाठी पुढे केला आणि सुस्कारा सोडून ती पोलिसांच्या हातांत कोसळली. तेव्हाच आपल्याला मेलेलं असणं आवडतं हे ठरलं, असं सांगताना त्याला रडू येतं. एका मुलाने आपल्यासाठी आईला हललेलं एकदाच पाहिलं, आणि मग तोच प्रयोग तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. म्हणून घरातलं पोर जिवाबद्दल काही बोललं तर ‘नाटकं करतोय’ म्हणून सोडू नका. सिनेमात ते नाटक आहे. घरात तसं धरून चालता येत नाही.

सिनेमा आईवर अन्यायही करतो, हे सांगितलं पाहिजे. एकटीने मूल वाढवणाऱ्या या बाईला रात्री झोप लागते का, हे तो एकदाही विचारत नाही. व्हिव्हियन पिकल्स या ब्रिटिश अभिनेत्रीने तिला माणूस ठेवलं, पटकथेने नाही. उलट मॉडला सगळं माफ. ती दुसऱ्यांच्या गाड्या पळवते, पोलिसाला चकवते आणि आपण टाळ्या वाजवतो. पण ती एक गोष्ट करते. हॅरॉल्डला प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. त्याच्या हातात बँजो देते आणि काय वाजवायचं ते सांगत नाही.

शेवटी ती जॅग्वार कड्यावरून खाली कोसळते. कॅमेरा वर वळतो, हॅरॉल्ड कड्यावर उभा आहे, हातात बँजो. या प्रसंगात आई नाही. गाडी कुणाची ते पोलीस शोधतील, पुन्हा त्या हवेलीच्या दाराशी जातील. ती दार उघडून काय करेल, हे ॲशबी दाखवत नाही.