संततिनियमनाचीं नवीं साधनें : गुण आणि दोष

साताऱ्याकडील किंवा सांगलीकडील एखाद्या सुशिक्षित घरांत नवी सून आली, कीं वर्ष उलटण्यापूर्वींच "कांहीं विशेष?" हा प्रश्न ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत फिरूं लागतो. सुनेचें शिक्षण अपुरें असो, नोकरी नवी असो, वा तिचें मन तयार नसो. प्रश्न कांहीं चुकत नाहीं. सातारा जिल्हा परिषदेनें या प्रश्नाला 2007 सालीं निराळेंच उत्तर दिलें. पहिलें मूल दोन वर्षें लांबविणाऱ्या नवविवाहित जोडप्यास 5,000 रुपये आणि तीन वर्षें थांबणाऱ्यास 7,500 रुपये! 'हनीमून पॅकेज' या नांवानें ही योजना गाजली व कित्येकांना तिचें हसूंही आलें. परंतु तिच्यांत एक मर्म होतें. संततिनियमन म्हणजे दोन मुलें झाल्यावर बाईनें करून घ्यावयाची शस्त्रक्रिया, असें समीकरण आपल्याकडे बसून गेलें आहे. लग्न आणि ती शस्त्रक्रिया यांच्यामधील वर्षांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 1921 सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें व जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तेव्हां हॉर्मोनची गोळी अस्तित्वांतच नव्हती. अमेरिकेंत 1960 सालीं तिला मान्यता मिळाली. आज मात्र साधनें अनेक आहेत, आणि म्हणूनच निवड करणें अधिक विचाराचें झालें आहे.

प्रथम रोजची गोळी घेऊं. 'माला-एन' ही सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. तिच्या पाकिटांतील 28 गोळ्यांपैकीं 21 हॉर्मोनच्या व 7 लोहाच्या असतात. बीजकोशांतून बीज सुटूं न देणें हें तिचें मुख्य कार्य. पाळी नियमित होते, रक्तस्राव व वेदना कमी होतात, आणि गोळी सोडल्यावर गर्भधारणेस सहसा विलंब लागत नाहीं. दोष हा, कीं ती रोज न चुकतां घ्यावी लागते. अचूक घेतल्यास वर्षाकाठीं 100 स्त्रियांपैकीं एकीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्ष व्यवहारांत विसराळूपणामुळें ही संख्या सुमारें 7 होते. बीजकोशाच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा संभव गोळीनें कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाचा मात्र किंचित् वाढतो.

दुसरें साधन 'अंतरा' हें इंजेक्शन. सरकारी कार्यक्रमांत तें 2017 सालीं आलें. दर तीन महिन्यांनीं एकदां टोंचलें, कीं रोजची आठवण नको, घरांत कोठें पाकीट लपविणें नको. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं अंगावर पाजणाऱ्या मातेसही तें चालतें. परंतु पाळी अनियमित होते, कित्येकींची बंदच पडते, आणि घरांतील वडील मंडळी घाबरून जातात. हें ठाऊक असावें, कीं त्यायोगें रक्त पोटांत सांचत नाहीं. हाडांची घनता थोडी घटते, व इंजेक्शन थांबविल्यावर बहुतेक भरून येते. शेवटच्या इंजेक्शनानंतर गर्भ राहण्यास मात्र बहुधा सात ते दहा महिने लागतात. लवकरच मूल हवें असणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तिसरें साधन दंडांत त्वचेखालीं बसविण्याची बारीक काडी. ती तीन वर्षें काम करते व हजारांत क्वचित् एकीच्याच बाबतींत फसते. देशांतील निवडक जिल्ह्यांत ती आतां सरकारी योजनेंतही आली आहे. अनियमित रक्तस्राव हा तिचा मुख्य त्रास, आणि ती बसविण्यास व काढण्यास शिकलेला हात लागतो. चौथें साधन हॉर्मोनयुक्त तांबी. ती निदान पांच वर्षें टिकते आणि अतिस्रावानें जेर झालेल्या स्त्रीस दुहेरी उपकार करते; परंतु ती महाग आहे. लखनौच्या संशोधनसंस्थेंत निघालेली 'छाया' ही गोळी वस्तुतः हॉर्मोनची नव्हे. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घ्यावयाची ही गोळी पाजणाऱ्या मातेसही चालते. मात्र प्रारंभीं पाळी लांबते.

रोजची मिश्र गोळी सर्वांना नव्हे. रक्तदाब वाढलेला असतां, शिरेंत रक्ताची गुठळी पूर्वीं झाली असतां, डोळ्यांपुढें लखलख होऊन अर्धशिशी उठत असतां, यकृताचा मोठा विकार असतां, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालूं असतां ती घेऊं नये. पाजणाऱ्या मातेनेंही पहिले सहा महिने ती टाळावी. शेजारणीस मानवली म्हणून औषधाच्या दुकानांतून परस्पर आणणें हा अविचार होय. आधीं रक्तदाब मोजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिवाय यांतील एकही साधन लैंगिक रोगांपासून रक्षण करीत नाहीं; तें काम निरोधाचें.

घरोघरीं ऐकूं येणारी मोठी भीति म्हणजे "गोळी घेतली, तर पुढें मूलच होणार नाहीं." ही निराधार आहे. इंजेक्शनानें थोडा विलंब होतो, वंध्यत्व येत नाहीं. सासूबाईंनीं एवढें जाणून घेतलें, तरी सुनेचें निम्में ओझें उतरेल. साधन कोणतें घ्यावें हें तिच्या प्रकृतीवर आणि मूल केव्हां हवें यावर अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी तिच्याइतक्या दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पतीनें तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावें व ओटीवरील प्रश्नाचें उत्तरही त्यानेंच द्यावें. मूल ही घराची आनंदाची गोष्ट खरी. पण तें ज्या देहांत वाढावयाचें, त्या देहाच्या धनिणीचा शब्द त्यांत पहिला असावा.