कांजिण्या झालेल्या मुलाची शुश्रूषा

कांजिण्या हा व्हॅरिसेला झोस्टर या विषाणूमुळे होणारा, बहुधा लहानपणीच गाठणारा आजार आहे. निरोगी मुलाच्या अंगातून तो आठ-दहा दिवसांत आपणहून ओसरतो, आणि विषाणूवरचे औषध बहुतेक मुलांना लागत नाही. तरीही तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या जोरात निघाल्या तर तेवढे दिवस घराला पुरेसे होतात. ताप दोन-चार दिवसांत उतरतो. खाज दिवसरात्र टिकते. त्यामुळे या आजारातली शुश्रूषा म्हणजे मुख्यतः खाजेशी दिलेली झुंज असते. ती एका मोठ्या उपायाने जिंकता येत नाही. तास-दोन तासांचा आराम देणारे लहान लहान उपाय एकामागून एक करत राहावे लागतात.

संसर्ग झाल्यापासून 10 ते 21 दिवसांनी आजार दिसू लागतो. आपल्याकडे थंडी सरून ऊन तापू लागते त्या दिवसांत साथ जास्त असते. आधी एखादा दिवस मूल किरकिरे होते, जेवत नाही, अंग कोमट लागते. मग पोटावर किंवा पाठीवर दोन-चार लाल ठिपके उठतात. ते डास चावल्यासारखे किंवा घामोळ्यासारखे दिसतात, म्हणून पहिला दिवस बहुतेक घरांत अंदाज करण्यातच जातो. शंका आली तर केस बाजूला सारून टाळू पाहावी. घामोळे तिथे सहसा अशा पाणीदार फोडांच्या रूपात येत नाही. कांजिण्या हमखास येतात.

एकच फोड जवळून पाहिला तर आजाराचा सगळा क्रम कळतो. सकाळी तो सपाट लाल ठिपका असतो. काही तासांत हाताला लागेल इतका वर येतो आणि त्यात पाणी भरते. भोवती लालसर कडे, मध्ये दव पडल्यासारखा पारदर्शक थेंब आणि त्यावर इतकी पातळ कातडी, की सदऱ्याच्या शिवणीनेही ती फुटावी. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, मधोमध खळगा पडतो आणि खपली धरू लागते. एका फोडाचा प्रवास असा दिवसा-दोन दिवसांत आटोपतो. पण फोड एकदम येत नाहीत. तीन ते पाच दिवस त्यांचे घोस निघत राहतात, त्यामुळे पाठीवर खपली आणि दंडावर नवा ठिपका असे एकाच वेळी दिसते. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर एकूण 250 ते 500 फोड उठू शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजार वाढल्यासारखा वाटतो तो यामुळेच. हे आधी माहीत असले तर घाबरगुंडी कमी होते.

निदान झाले की पहिले काम नखांचे. हातांची नखे बोटांच्या टोकाच्या आत जातील इतकी कापावी आणि कडा घासून गुळगुळीत कराव्या. नुकत्याच कापलेल्या नखाची धार वाढलेल्या नखापेक्षा जास्त ओरखडते. आंघोळीनंतर नख मऊ असते, तेव्हा हे काम सोपे जाते. नखाखालचा मळ फोडात गेला की जिवाणूंचा संसर्ग होतो. कांजिण्यांत मुलांना होणारा हा सर्वांत नेहमीचा उपद्रव आहे. मूल फार लहान असेल तर रात्री हातांत सुती पायमोजे चढवतात. ते मनगटाशी दोऱ्याने बांधू नयेत. सैल, पण निसटणार नाहीत असे असावेत.

खाजवल्याने बरे का वाटते आणि मग वाईट का, हे समजले तर मुलाला रागावणे आपोआप कमी होते. नखाने ओरखडले की कातडीला किंचित वेदना होते आणि मज्जारज्जूत ही वेदना खाजेची जाणीव काही क्षण दाबून टाकते. पण ओरखड्याने तिथली सूज वाढते, खाज वाढवणारी द्रव्ये आणखी सुटतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. चार वर्षांच्या मुलाला हे समजावता येत नाही. "खाजवू नको" हे दिवसातून शंभरदा सांगून मूल फक्त हिरमुसते. त्याऐवजी हाताला दुसरी गोष्ट द्यावी लागते. ओल्या फडक्याची घडी हातात देऊन "खाजवायचं नाही, दाबायचं" असे एकदा करून दाखवले तर बरीच मुले ते उचलतात. गार घडी फोडावर दाबून धरली की खाज थोडी मागे हटते आणि कातडी फाटत नाही. कणकेचा गोळा, रंगखडू, पाण्यात सोडायच्या वाट्या, अशा दोन्ही हात गुंतवणाऱ्या खेळांचा उपयोग होतो. नुसती गोष्ट ऐकताना हात मोकळे राहतात आणि मान खाजवू लागतात.

आंघोळीबद्दल आपल्या घरांत अजून मतभेद होतात. गोवर, कांजिण्या आणि देवी या तिन्हींकडे पूर्वी देवीचा फेरा म्हणूनच पाहिले जाई. बाया आल्या म्हणायचे, दारात कडुनिंबाचे डहाळे लावायचे, फोडणीचा खमंग वास घरात होऊ द्यायचा नाही, मुलाला पाणी लावायचे नाही. यामागे देवीच्या रोगाची दहशत होती. देवी आणि कांजिण्या हे वेगळे रोग आहेत हे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1767 साली स्पष्ट मांडले होते, पण घरोघरचा धसका एकच राहिला. देवीचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली जाहीर केले. आंघोळ न घालण्याची चाल मात्र कांजिण्यांसाठी मागे उरली. ती सोडून द्यावी. घाम आणि मळ साचल्याने खाज वाढते, संसर्गही होतो. आजीचा आग्रह असेल तर कडुनिंबाचा पाला स्वच्छ धुऊन पाण्यात घालायला हरकत नाही. त्याने विषाणू मरतो असे सिद्ध झालेले नाही, पण पाल्याच्या निमित्ताने आंघोळ होते हा फायदा आहे.

पाणी कोमट असावे. कढत पाण्याने त्या क्षणी बरे वाटते आणि अंग कोरडे होताच खाज दुप्पट होते. साबण टाळावा किंवा अगदी सौम्य असावा. ओट्सचे बारीक पीठ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात पिळले तर पाणी दुधाळ, बुळबुळीत होते. असे पाणी अंगावर हळूहळू ओतत राहिले की कातडी निवते. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. नंतर जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पंचाने अंग टिपावे, पुसू नये. खाज फार असेल तर दिवसातून दोनदाही आंघोळ चालते. कपडे सुती आणि सैल असावेत. ताप आहे म्हणून स्वेटर आणि रग यांत गुंडाळलेले मूल घामाने जास्त खाजवते.

अंग कोरडे झाले की कॅलामाइन. या गुलाबी लोशनमध्ये मुख्यतः झिंक ऑक्साइड असते आणि थोड्याशा आयर्न ऑक्साइडने त्याला रंग येतो. चूर्ण तळाशी बसते, म्हणून बाटली नीट हलवून घ्यावी, नाहीतर वरचे नुसते पाणीच लागते. कापसाच्या बोळ्याने एकेक फोड हलके टिपायचा, घासायचे नाही. लोशनमधले पाणी उडून जाताना गारवा देते आणि मागे पांढुरका पातळ थर राहतो. डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटून ओल्या झालेल्या फोडांवर ते लावत नाहीत.

दोन-तीनशे फोड टिपायला अर्धा तास जातो आणि या अर्ध्या तासात मुलाशी कसे वागले जाते यावर पुढचे दिवस बरेचसे ठरतात. मूल धरून ठेवून भराभर लोशन थापले तर दुसऱ्या वेळी बाटली दिसताच रडारड होते. आधी कुठले टिपायचे, पोट की पाठ, हे मुलालाच ठरवू दिले तर ते थांबते. एक बोळा त्याच्या हाती द्यावा. पोटावरचे फोड ते स्वतः टिपते, आईच्या कोपरावर खोटे ठिपके काढते, बाहुलीलाही कांजिण्या होतात. "अजून किती?" या प्रश्नाला "झालंच" हे उत्तर उपयोगाचे नाही, कारण झालेले नसते. "ही पाठ झाली, आता मान, मग संपलं" असे खरे सांगितले तर मूल धीर धरते. आरसा लपवण्याची गरज नसते, पण भोवतीच्या मोठ्यांनी "अरे देवा, काय झालं हे" असे तोंडावर म्हणणे टाळलेले बरे.

तापासाठी पॅरासिटामॉल देतात. प्रमाण वजनावर ठरते: एका वेळी प्रत्येक किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या मुलाला 150 ते 225 मिलिग्रॅम. बाजारात 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींची सिरपे मिळतात. एकीचा पूर्ण चमचा या मुलाला कमी पडेल, दुसरीचा जास्त होईल. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचून, डॉक्टरांकडून मात्रा पक्की करून, सोबतच्या मापानेच औषध द्यावे. अॅस्पिरिन कधीही देऊ नये. कांजिण्यांत त्यामुळे रेज सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा गंभीर विकार होऊ शकतो. आयब्युप्रोफेनचा संबंध कातडीच्या खोल, गंभीर संसर्गाशी आढळला आहे, म्हणून तेही टाळतात. मुलांच्या तापाच्या काही सिरपांत पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा त्याच गटातले मेफेनॅमिक अॅसिड मिसळलेले असते. घरात आधीपासून असलेली बाटली त्यामुळे तपासून पाहावी. खाजेवरचे तोंडाने घ्यायचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

फोड तोंडातही येतात आणि तिथे ते फुटून व्रण होतात. मूल भूक लागूनही घास थुंकते, ते या दुखण्यामुळे. मीठ, लिंबू, टोमॅटो, कडक पोळी यांनी तोंड चुरचुरते. गार दहीभात, कमी मिठाची निवलेली पेज, गार दूध, बर्फाचा बारीक तुकडा चालतो. दोन दिवस जेवण कमी गेले तरी बिघडत नाही. पाणी मात्र घोट-घोट जात राहिले पाहिजे. लघवीच्या जागी फोड आले तर मूल शू दाबून धरते. अशा वेळी कोमट पाण्याची धार सोडत तिथेच शू करू दिली तर आग कमी होते.

सर्वांत कठीण असते ती रात्र. अंथरुणात ऊब वाढते, दिवसाचे खेळ संपलेले असतात आणि लक्ष खाजेवरच जाते. झोपण्याआधी आंघोळ, मग कॅलामाइन, सुती चादर, पंख्याची वाहती हवा एवढी तयारी ठेवावी. उशाशी पाण्याचे भांडे आणि दोन घड्या असाव्यात. मूल झोपेत खाजवू लागले तर हात ओढून धरू नये, ते दचकून जागे होते. तळहात त्या जागेवर पसरून हलके थोपटत राहिले की बहुतेक वेळा बोटे थांबतात. हे काम एकट्या आईचे नव्हे. रात्री दोघांनी वाटून घेतल्या नाहीत, तर चौथ्या दिवशी मुलापेक्षा आईचाच संयम आधी सुटतो.

काही लक्षणे दिसली तर घरगुती शुश्रूषा थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे: चार दिवसांहून जास्त टिकलेला किंवा उतरून पुन्हा चढलेला ताप, फोडाभोवती पसरणारी लाल, गरम, दुखरी सूज, धाप, सतत उलट्या, ताठ मान, गुंगी किंवा चालताना तोल जाणे. तान्हे बाळ, स्टेरॉइड किंवा कर्करोगावरचे उपचार चालू असलेले मूल आणि जिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत अशी गर्भवती यांना संसर्गाचा धोका मोठा असतो. त्यांचा रुग्णाशी संबंध आला असेल तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी विचारावे. घरातल्या दुसऱ्या भावंडाला त्या झाल्या तर बहुधा पहिल्यापेक्षा जोरात निघतात. असिक्लोव्हिरसारखे औषध अशा मुलांना पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते.

पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत मूल संसर्ग पसरवू शकते. म्हणून सगळ्या फोडांवर खपल्या धरल्यावरच शाळा, साधारण आठवडाभराने. खपल्या त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत गळतात. उपटल्या तर व्रण राहतो, आपोआप पडल्या तर काळसर डाग काही महिन्यांत फिका होतो. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन परत येऊ शकतो.

1964 साली मिचिआकी ताकाहाशी हे जपानी विषाणुतज्ज्ञ संशोधनासाठी अमेरिकेत ह्यूस्टनला असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला अशाच जोरात कांजिण्या झाल्या. आईवडिलांनी उशाशी बसून रात्री काढल्या आणि मूल बरे झाले. जपानला परतल्यावर ताकाहाशींनी ओका आडनावाच्या मुलाच्या फोडांतून घेतलेला विषाणू दुबळा करून 1974 साली लस सिद्ध केली. जगभर आज जी लस दिली जाते ती बहुतांशी याच ओका वाणाची आहे. भारतात ती सरकारच्या नियमित लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिच्या दोन मात्रा सुचवते, पहिली पंधराव्या महिन्यात. लस घेतलेल्या मुलाला कांजिण्या झाल्याच, तर फोड बहुधा पन्नासापेक्षा कमी येतात आणि ताप फारसा चढत नाही.