हाउस संगीत
इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार. त्याचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात १९८० च्या सुमारास झाला. तेथील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहावरून त्यास हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) हा तेथे १९७७ ते १९८२ या काळात डिस्क जॉकी होता. १२ जुलै १९७९ रोजी याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या ध्वनिमुद्रिका जाहीरपणे स्फोटाने नष्ट करण्यात आल्या. नकल्सने मात्र अशाच ध्वनिमुद्रिकांतील अंश लांबवून व पुढे त्यांना ड्रम मशीनची जोड देऊन नवे संगीत घडविले.

या संगीताच्या प्रयोगात एक तबकडी वाजत असता डिस्क जॉकी दुसरी हेडफोनवर ऐकून तिची गती पहिलीशी जुळवितो व ठेका खंडित न होता एकीतून दुसरीत प्रवेश करतो. मिनिटास सुमारे १२० ते १३० ठोक्यांची ही लय तासन्‌तास चालते. तीतील खर्जाचे आघात अंगालाही जाणवतात. नर्तकांचा प्रतिसाद पाहून पुढील ध्वनिमुद्रिका निवडली जात असल्याने प्रत्येक प्रयोग वेगळा ठरतो.

वेअरहाउसमध्ये मुख्यत्वे कृष्णवर्णीय व लॅटिन समलिंगी तरुण जमत. इतरत्र अव्हेरल्या गेलेल्या या समूहाला तेथे निःशंकपणे एकत्र येता येई. २०२३ मध्ये शिकागो शहराने या इमारतीस संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.