गाद्यांच्या भिंती

साताऱ्यातील आमच्या एका शिक्षकमित्रांना आईच्या जात्यावरच्या ओव्या घरीच ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. जाते घरातून कधीच गेले होते. ओव्या तेवढ्या ऐंशी वर्षांच्या आवाजात उरल्या होत्या. पहिल्या मुद्रणात शब्द एकमेकांत मिसळले. मग त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. टाळीचा खणखणाट थोडा कमी झाला, पण खोलीचे घुमणे काही थांबले नाही.

गिलाव्याच्या भिंतीवर पडलेला ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो. असंख्य परावर्तने मिळून आवाज रेंगाळतो, तो निनाद. एकदा मुद्रणात शिरलेला निनाद नंतर नीटसा काढता येत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन यांच्यापुढे १८९५ साली हाच प्रश्न होता. तेथील एका व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. सेबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री आणून मोजमापे घेतली आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवल्या! त्यातून सूत्र निघाले: निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण.

मित्रांची खोली ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, ३ मीटर उंच; म्हणजे ३० घनमीटर. निनादकाल दीड सेकंद धरल्यास शोषण ३.२ चौरस मीटर येते. तो अर्ध्या सेकंदावर आणायला ९.७ हवे, म्हणजे साडेसहाची भर. सहा फूट बाय तीन फूट कापसाची गादी १.६७ चौरस मीटरची. तिने ८० टक्के ध्वनी शोषला असे मानले, तर पाच गाद्या पुरतात. लग्नाकार्याच्या घरात तेवढ्या निघतातच.

मग ट्रे का पुरले नाहीत? कापसाच्या तंतूंमधून हवा हलताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. पण भिंतीला टेकून हवा हलतच नाही. ती सर्वाधिक हलते पाव तरंगलांबीवर. १००० कंप्रतेला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर. म्हणून जाड गादी बाजेला बांधून, भिंतीपासून वीतभर दूर उभी करावी. पातळ पडदा किंवा ट्रे वरच्या कंप्रताच खातो.

हे सर्वांत जास्त जाचते ते तंबोऱ्याला. सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे वैभव जवारीतून उमटणाऱ्या उपस्वरांत आहे. सगळ्या भिंतींना पातळ सतरंजी लावली, तर नेमके ते उपस्वर मरतात आणि खालची घुमी राहते. काळी एकला लावलेला खर्ज सुमारे ६९ कंप्रतेचा, तरंगलांबी ५ मीटर. अडीच मीटर रुंदीत ती बरोबर अर्धी बसते! तेथे भिंतीशी खर्ज फुगतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. याला गादी पुरी पडत नाही. मायक्रोफोनच सरकवून जागा शोधावी लागते.

गाद्यांनी रस्त्यावरची मोटारसायकल मात्र अडत नाही. त्याला जड भिंत आणि फटी बुजवलेले दार हवे, किंवा पहाटेची वेळ.

मित्रांनी ट्रे काढले (ते पेटतातही लवकर), पाच गाद्या उभ्या केल्या आणि मायक्रोफोन दोन हातांवरून एका हातावर आणला. अंतर निम्मे झाले की थेट आवाजाची तीव्रता चौपट होते, निनाद तेवढाच राहतो. या वेळी ओव्यांतील माहेरच्या गावांची नावेसुद्धा स्पष्ट ऐकू आली.