निविदेचं भांडण जिंकलात, पण खर्चाचं काय?

सरकारी निविदेत तुमच्यावर अन्याय झाला, तुम्ही कोर्टात गेलात आणि जिंकलातही. मग यात गेलेले पैसे तुम्हाला कोण देणार? पनवेल-उरण पट्ट्यात रस्ते, गटारं, पाइपलाइन, शाळा दुरुस्ती अशी कामं घेणारे लहान कंत्राटदार भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे नुसता पुस्तकी नाही. माझ्या पीएचडीचा विषय सरकारी खरेदीतल्या तक्रारी हाच आहे, म्हणून आज याबद्दल जरा सविस्तर सांगते.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा, एका नगरपरिषदेने दोन कोटींच्या रस्त्याची ई-निविदा काढली. तुम्ही ती भरली. तांत्रिक लिफाफा उघडताना 'अमुक दाखला नाही' म्हणून तुम्हाला बाद केलं. प्रत्यक्षात तो दाखला तुम्ही पोर्टलवर चढवलेला होता. काम दुसऱ्याला गेलं. आता तुमचं नुकसान तीन डब्यांत वाटून बघा.

पहिला डबा निविदा भरण्याच्या खर्चाचा. निविदेची फी, डिजिटल सही, ऐपतीचा दाखला, दर काढायला लावलेला इंजिनीअर, जागेची पाहणी. समजा ५० हजार. बयाणा रक्कम यात धरू नका. ती तुमचीच असते आणि परत मिळते.

दुसरा डबा भांडण्याच्या खर्चाचा. वकील, कागदपत्रं, मुंबईच्या फेऱ्या. समजा ३ लाख.

तिसरा डबा बुडालेल्या नफ्याचा. समजा २० लाख.

आता आपला कायदा या तिन्ही डब्यांकडे कसा बघतो?

पहिल्या डब्याचं उत्तर बहुतेक वेळा निविदेच्या कागदातच असतं. निविदा तयार करण्याचा आणि सादर करण्याचा सगळा खर्च निविदाकाराचा, निकाल काहीही लागो, अशा अर्थाचं कलम तिथे असतं. आपण ते न वाचताच सही करतो.

दुसरा डबा न्यायाधीशांच्या हातात असतो. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका केली, तर खर्च द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. याचिका मंजूर होऊनही शेवटी 'खर्चाबाबत आदेश नाही' एवढीच ओळ येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली युफ्लेक्स विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात मात्र ठाम भूमिका घेतली. दारूच्या बाटल्यांवरच्या होलोग्रामच्या निविदेचं ते प्रकरण. व्यापारी निविदांच्या भांडणात हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च दिला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. गंमत अशी, की तिथे हरले होते ते निविदेला आव्हान देणारे, म्हणजे खर्च त्यांच्यावर बसला. पण तत्त्व दोन्ही बाजूंना सारखंच लागू व्हायला हवं. सरकार हरलं तर सरकारनेही द्यावा, हे त्यातूनच येतं.

तिसरा डबा सगळ्यात अवघड. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली भरपाई मिळते ती करार मोडल्याबद्दल. इथे तुमचा करार झालेलाच नाही! शिवाय तुमचा आर्थिक लिफाफा त्या वेळी उघडलेलाच नव्हता. मग काम तुम्हालाच मिळालं असतं हे सिद्ध कसं करणार?

तुम्ही म्हणाल, मग कामच थांबवायचं ना! इथे मुंबईचाच एक प्रसिद्ध खटला बघा: रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, १९७९. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि स्नॅक बार चालवायची निविदा होती. निदान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा, अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यालाच काम दिलं गेलं. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःच मोडायची नाही, हे तत्त्व न्यायालयाने इथे पक्कं केलं आणि आजही निविदेच्या प्रत्येक खटल्यात त्याचा दाखला दिला जातो. पण दाद मिळाली नाही. याचिकाकर्त्याने स्वतः निविदा भरली नव्हती, तो उशिरा आला होता आणि तोवर काम मिळालेल्याने बराच खर्च केला होता. म्हणजे कायदा जिंकला आणि अर्जदार रिकाम्या हाताने गेला.

पुढे काम थांबवण्याची वाट आणखी अरुंद झाली. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ साली पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकूम देण्यावर बंधनं आली. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निविदेत मनमानी दिसली तरी काम थांबवण्यापेक्षा तक्रारदाराला नुकसानभरपाई मागायला पाठवावं. ऐकायला हे रास्त वाटतं, रस्ता अडकला तर त्रास सगळ्यांनाच होतो. पण भरपाईच्या त्या दारामागे काय आहे? वर्षानुवर्षांचा दिवाणी दावा, आणि भरपाई कशी मोजायची याचं निविदाकारांसाठी कायद्यात लिहिलेलं सूत्र नाही.

अमेरिकेत याचं सूत्र लिहिलेलं आहे. तिथे सरकारी लेखा कार्यालयाकडे निविदेविरुद्ध तक्रार करता येते आणि १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तक्रार खरी ठरली तर ते कार्यालय पहिला आणि दुसरा डबा भरून द्यायची शिफारस करू शकतं. वकिलाच्या फीला तासाला १५० डॉलरची मर्यादा आहे, मात्र लहान उद्योगांना ती लागू नाही. दावा हिशेबासकट ६० दिवसांत खात्याकडे द्यायचा. तिसरा डबा, म्हणजे नफा, तिथेही मिळत नाही. मला हा मधला मार्ग पटतो. चूक दाखवून देणारा एका अर्थी जनतेचंच काम करतो, त्याला निदान खिशातून गेलेलं तरी परत मिळावं. आणि फक्त खऱ्या ठरलेल्या तक्रारीलाच पैसे असल्यामुळे उगाच कोर्टात जाण्याचा मोह वाढत नाही.

आपल्याकडे २०१२ साली लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक आलं होतं. त्यात स्वतंत्र तक्रार निवारण समितीची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. तामिळनाडू, कर्नाटक आणि राजस्थानने निविदांसाठी स्वतःचे कायदे केले. महाराष्ट्रात शासन निर्णय आणि नियमपुस्तिकांवर काम चालतं.

कायदा बदलेपर्यंत तुमच्या हातात काय आहे?

• प्रत्येक निविदेची वेगळी फाइल ठेवा आणि तिचं प्रत्येक बिल त्यातच लावा. खर्च मागायचा तर आकडा कागदावर दिसायला हवा.
• आक्षेप लेखी घ्या, कार्यादेश निघायच्या आधी घ्या आणि पोच ठेवा. उशीर झाला की मुद्दा बरोबर असूनही दाद जाते.
• याचिकेत खर्चाची मागणी स्पष्ट लिहायला वकिलांना सांगा. प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता जोडा आणि युफ्लेक्सचा दाखला द्यायला सुचवा.
• भरपाईचा दावा करायचा असेल तर बांधकाम आणि पायाभूत कामांच्या निविदांचे वाद वाणिज्य न्यायालय कायद्यात येतात, हे लक्षात ठेवा. दावा किमान ३ लाखांचा हवा. तिथे हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियमच आहे. अर्थात, तुम्ही हरलात तर तो तुम्हालाही लागू होतो.

वरच्या उदाहरणातले ३ लाख परत मिळण्याची खात्री नसेल, तर लहान कंत्राटदार ५० हजारांवर पाणी सोडून गप्प बसेल. तो बसला की तो दाखला खरंच नव्हता का, हे कोणीच विचारणार नाही.