चौकटीतले पाहुणे

वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या व्यंगचित्राला दोन प्रकारची माणसे लागतात. पहिली घरची. ती चित्रकाराच्या कुंचल्यातून जन्मलेली असतात, त्यांचे वय वाढत नाही, कपडे बदलत नाहीत आणि वाचक त्यांना वर्षानुवर्षे ओळखतो. दुसरी बाहेरची. मंत्री, क्रिकेटपटू, नट, लेखक अशी ही खरी माणसे आजच्या बातमीतून उठून एका दिवसापुरती चौकटीत येतात आणि निघून जातात. पाहुणा आला की वाचक कधी खूश होतो, कधी दुखावतो, कधी कात्री घेऊन चित्र कापून ठेवतो. पाहुणा किती मोठा यापेक्षा तो वाचकाचा किती जवळचा, यावर ही प्रतिक्रिया ठरते. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा सर्वांत दीर्घ अनुभव दिला तो आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’ने.

लक्ष्मण यांचा जन्म १९२१ चा, म्हैसूरचा. मुंबईत ते आधी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये होते, तिथे त्यांचे सहकारी होते बाळ ठाकरे. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेल्यावर १९५१ पासून ‘यू सेड इट’ हे एका स्तंभाच्या रुंदीचे चित्र सुरू झाले. असले छोटे चित्र, म्हणजे पॉकेट कार्टून, लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये ऑस्बर्ट लँकेस्टर यांनी १९३९ मध्ये रूढ केले होते. मराठी वाचकाला लक्ष्मण यांचे चित्र ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून ‘कसं बोललात!’ या नावाने भेटले. सुरुवातीला लक्ष्मण देशातला माणूस दाखवायचा म्हणून बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळ्या पेहरावांची गर्दी काढत. रोजच्या घाईत तेवढा वेळ पुरेना. एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला: धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चष्मा, झुपकेदार मिशा, टकलामागे उभे राहिलेले चार केस. हा माणूस बोलत नाही. मंत्र्याच्या दिवाणखान्यात, विमानतळावर, रुग्णालयात, झोपडीच्या दारात तो असतो, पाहतो, ऐकतो. बोलतात ते बाकीचे.

लक्ष्मण यांनी पाहुण्यांसाठी दोन वेगळ्या जागा ठेवल्या होत्या. हा त्यांच्या कामातला फार मोलाचा आणि सहसा नजरेतून सुटणारा भाग आहे. मोठ्या, तीन-चार स्तंभांच्या राजकीय चित्रात खरे नेते येत: नेहरू, मोरारजी, इंदिरा गांधी, पुढे नरसिंह राव. छोट्या चित्रातला मंत्री मात्र बहुधा कोणीच नसे. टोपी, पोट, मागे फाइल घेतलेला सचिव, एवढ्यावर त्याचे काम भागे. पहिल्या प्रकारात वाचक पाहुणा ओळखतो. दुसऱ्यात तो पाहुणा स्वतः पुरवतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात उभा राहून भाषण करणारा मंत्री चेन्नईच्या वाचकाला चेन्नईचा वाटे आणि वसईच्या वाचकाला वसईचा.

वसई-विरारमध्ये ही दुसरी प्रतिक्रिया अधिक का घडत असावी, हे तिथल्या वाचनाच्या सवयीतून कळते. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरचे. लोकलमध्ये बसायला मिळाले तर वर्तमानपत्र उघडता येते. उभ्या माणसाला ते आधी उभे आणि मग आडवे दुमडून, वहीएवढे करून, एका हातात धरावे लागते. दुसरा हात वरच्या कडीला. एवढ्या जागेत अग्रलेख वाचून होत नाही, एक स्तंभाचे चित्र मात्र पुरते दिसते. आपल्या हातात पेपर नसेल तर शेजारच्याच्या खांद्यावरून दिसते. नालासोपारा, वसई रोड, नायगाव अशी स्टेशने मागे पडतात तसा पेपर हातोहात फिरतो, आणि चित्राखालची ओळ कोणीतरी मोठ्याने वाचतो. त्यावर जो शेरा पडतो तो दिल्लीच्या मंत्र्यावर क्वचितच असतो. तो पाणी, वीज, रस्ते, गाडीतली गर्दी आणि या सगळ्याला जबाबदार धरल्या जाणाऱ्या आपल्याच भागातल्या कुणावर तरी असतो. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली. त्याआधी आणि त्यानंतरही लक्ष्मण यांच्या बिननावाच्या मंत्र्याला इथे नाव मिळायला अडचण नव्हती.

खरा पाहुणा ओळखू येण्यासाठी चित्रकाराला फार थोड्या खुणा लागतात. इंदिरा गांधींचे लांब नाक आणि केसांतला पांढरा पट्टा, नरसिंह रावांचे पुढे काढलेले ओठ, एवढ्यावर काम होते. अमेरिकेतल्या ‘डून्सबरी’ या चित्रमालेचे गॅरी ट्रुडो तर त्याही पुढे गेले. त्यांनी क्लिंटन यांच्या जागी हवेत तरंगणारे वॉफल काढले आणि उपाध्यक्ष क्वेल यांच्या जागी पीस. चेहराच नाही, तरी वाचक चुकत नाहीत. खुणा एकदा ठरल्या की वाचक त्यांची वाट पाहू लागतो, आणि नेता बदलला की नव्या खुणा मुरेपर्यंत चित्र त्याला परके वाटते. चित्रकारालाही नवा चेहरा हाताखाली यायला काही आठवडे जावे लागतात.

पाहुण्यांची स्वतःची प्रतिक्रिया हा या विषयातला सर्वांत श्रीमंत भाग. व्यंगचित्रकार शंकर पिल्लै यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू केले तेव्हा उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी, मलाही सोडू नकोस, असे त्यांना बजावले होते. शंकर यांनी ते शब्दशः पाळले. लक्ष्मण यांनाही नेहरूंचा अनुभव असाच आला. चीन युद्धाच्या काळात नेहरूंवर काढलेल्या एका बोचऱ्या चित्रानंतर पंतप्रधानांचा दूरध्वनी आला, तेव्हा लक्ष्मण धास्तावले. नेहरूंना ते चित्र मोठे करून, सही करून, चौकटीत लावण्यासाठी हवे होते. ही गोष्ट लक्ष्मण यांनी पुढे अनेकदा सांगितली. तिच्यात नेहरूंचा मोठेपणा आहे, पण वाचकांना ती आवडते त्याचे कारण वेगळे आहे: पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे वागावे, याचा तो नमुना आहे.

उलट नमुनेही आहेत. ठाकरे आणि लक्ष्मण दोघेही ज्यांना गुरुस्थानी मानत, ते डेव्हिड लो लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये व्यंगचित्रे काढत. त्यांचा घरचा माणूस होता फुगलेल्या मिशांचा कर्नल ब्लिम्प, आणि पाहुणे होते हिटलर व मुसोलिनी. जर्मनी आणि इटलीत त्या वर्तमानपत्राला बंदी झाली. १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले असता हिटलरचे प्रचारमंत्री गोबेल्स यांनी लो यांच्या चित्रांची तक्रार केली, आणि हॅलिफॅक्स यांनी परत येऊन लो यांना हात जरा आखडता घ्यायला सांगितले. लो यांनी हिटलर आणि मुसोलिनी यांना एकत्र करून ‘मझलर’ नावाचे एकच पात्र केले. त्यामुळे तक्रार करायला कोणी एक जण उरला नाही, आणि वाचकाला मात्र दोघेही दिसत राहिले.

अमेरिकेत वॉल्ट केली यांच्या ‘पोगो’ या प्राण्यांच्या चित्रमालेत १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या चेहऱ्याचे रानमांजर आले. नाव सिंपल जे. मलार्की. प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाने कळवले की हा चेहरा पुन्हा दिसला तर चित्रमाला बंद करू. केली यांनी पुढच्या भागात मलार्कीला तोंडावर पिशवी ओढून घ्यायला लावली, कारण प्रॉव्हिडन्सहून येणाऱ्या कोंबडीने आपला चेहरा पाहू नये, असे त्याला वाटते. संपादकाची अट पाळली गेली होती. वाचकांना मात्र पिशवीखाली कोण आहे हे सांगावे लागले नाही.

मराठीत पाहुण्यांची सर्वांत मोठी वर्दळ ‘मार्मिक’मध्ये होती. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते या साप्ताहिकाचे प्रकाशन झाले. ‘रविवारची जत्रा’ या नावाने मधल्या पानांवर भरणाऱ्या चित्रांच्या मेळाव्यात आठवड्याचे सगळे पुढारी गर्दी करत. ठाकरे यांची रेषा लक्ष्मण यांच्यापेक्षा आक्रमक होती. ती पाहुण्याला खुर्ची देत नसे. वाचकही पाहून थांबला नाही. मराठी माणसाच्या नोकऱ्यांविषयीच्या मजकुराने पेटलेले तरुण दादरला ठाकरे यांच्या घरी येऊ लागले, आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्राच्या वाचकांतून एक राजकीय पक्ष उभा राहिल्याचे असे उदाहरण जगात सहज सापडणार नाही. त्यानंतर स्वतः ठाकरे इतर व्यंगचित्रकारांच्या चौकटीतले नित्याचे पाहुणे झाले.

राजकारणाबाहेर चित्र बरेच निराळे दिसते. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘ललित’ मासिकात साहित्यिकांची थट्टा करत, आणि त्या सदराला वसंत सरवटे यांची चित्रे असत. हातात हातोडा घेतलेला ठणठणपाळ हा घरचा, बाकी सगळे मराठी लेखक पाहुणे. सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. त्यांचा माणूस ओळखू येतो तो बसण्याच्या ढबीवरून, छत्री धरण्यावरून, मानेच्या कोनावरून. ‘ललित’च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही त्यांनी साहित्यविश्वाची अशी संमेलने भरवली. वाचक अंक हातात आला की आधी कोण कोण आहे ते बोट ठेवून शोधत. असल्या चित्रात टर उडवली जाणे हीसुद्धा लेखकाला एक प्रकारची पावती असते, कारण दुर्लक्ष त्याहून वाईट.

अमूलच्या फलकावरची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगीही अशीच यजमान. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टस फर्नांडिस यांनी तिला १९६० च्या दशकात मुंबईत घडवले, आणि तेव्हापासून देशातला नावारूपाला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या शेजारी उभा राहून गेला आहे. जाहिरात असल्यामुळे तिची थट्टा सौम्य असते. खेळाडूंच्या आणि नटांच्या चाहत्यांना आपला माणूस तिच्यासोबत दिसणे हा मानच वाटतो. तिथे प्रतिक्रिया अभिमानाची होते, हसू नंतर येते.

काही चित्रकारांनी पाहुण्यांना दार बंदच ठेवले. शि. द. फडणीस यांच्या शब्दांविना बोलणाऱ्या हास्यचित्रांत पुढारी नाहीत. म्हणून ‘हंस’, ‘मोहिनी’साठी काढलेली जुनी मुखपृष्ठे आजही टिपेविना कळतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून आला तो आई-पप्पा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या आणि जोशीकाकू यांचे भरलेले घर घेऊनच. पाहुणा चित्राला ताजेपणा देतो आणि त्याचे आयुष्यही कमी करतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या राजकीय चित्रातला उपमंत्री आज कोणालाच आठवत नाही.

मारियो मिरांडा यांची गोष्ट लहान गावातल्या पाहुण्याची आहे. त्यांचा जन्म १९२६ मध्ये दमणला झाला, घर गोव्यातल्या लोटलीचे. मिस निंबूपानी आणि मंत्री बंडलदास ही त्यांची पुढची, मुंबईच्या वर्तमानपत्री काळातली कल्पित पात्रे. त्याआधी, १९४९ ते १९५१ या काळातल्या त्यांच्या चित्रमय रोजनिश्या खऱ्या गावकऱ्यांनी भरलेल्या आहेत: पाद्री, नातेवाईक, लग्नातले वाजंत्री, चर्चबाहेर गप्पा मारणाऱ्या बायका. शाळेत असताना पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल ते अडचणीतही आले होते. मोठ्या शहरात चित्रातला मंत्री वाचकाला कधी भेटणार नसतो. लोटलीत चित्रातला माणूस रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर असतो. निर्मळ, गिरीज, आगाशी यांसारख्या वसईच्या गावांतही परिस्थिती तीच. तिथे चित्र काढणाऱ्याला हसू आणि शेजारधर्म एकदम सांभाळावे लागतात.

रोष कसा उसळतो आणि किती उशिरा उसळू शकतो, हे २०१२ मध्ये दिसले. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले एक चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेतलेले होते. संविधान ही गोगलगाय, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, त्यांच्या हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. काढले तेव्हा ते संविधानाच्या संथ गतीवरचे भाष्य होते आणि दोन्ही पाहुणे हयात होते. सहा दशकांनंतरच्या दलित वाचकाला त्यात वेगळेच दिसले: बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक. त्याच्यासाठी बाबासाहेब कोणत्याही चौकटीत पाहुणे नसतात, घरचे असतात. ही भावना खरी होती आणि तिला शतकांचा इतिहास होता. तिच्या नावाने झालेली मोडतोड मात्र समर्थनीय नव्हती. मे महिन्यात प्रकरण संसदेत गाजले. पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची नासधूस झाली. त्यानंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने राज्यशास्त्राच्या पुस्तकांतली अनेक व्यंगचित्रे काढण्याची शिफारस केली. समितीचे एक सदस्य, एम. एस. एस. पांडियन यांनी त्या शिफारशीला विरोध करून आपले भिन्न मत लेखी नोंदवले.