जर्सीवरचे नाव जिल्ह्यापुरते

महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात ‘हंगाम’ हा शब्द सोलापुरात जपूनच वापरावा लागतो, कारण येथील एखाद्या छोट्या महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकतो तेव्हा त्याने मोजक्या दिवसांत मोजकेच सामने खेळलेले असतात. बाद पद्धतीत, म्हणजे एक सामना हरताच संघ बाहेर पडतो अशा रचनेत, अजिंक्यपद तीन-चार सामन्यांतही पदरी पडू शकते.

खेळाआधी कागदपत्रांची चाळणी असते. खेळाडू नियमित विद्यार्थी असून वयोमर्यादेत बसतो, असे प्राचार्यांनी प्रमाणित केलेल्या कागदाला पात्रता अर्ज म्हणतात; त्यावरचे छायाचित्र, जन्मतारखेचा पुरावा किंवा महाविद्यालयाचा शिक्का यांपैकी काही राहून गेले, तर उत्तम बचावपटूलाही फक्कीच्या रेषेबाहेर बसावे लागते, आणि जिथे अकरा जण जमवण्यासाठी कबड्डी-खोखोच्या मुलांना गळ घालावी लागते, तिथे ही एक जागा भरून काढणे फार अवघड जाते. मैदानाचाही वाटा असतो. पाऊस ओसरल्यावर गवत नसलेली जमीन कडक होते, चेंडू अंदाजापेक्षा उंच उसळतो आणि जमिनीलगतच्या नाजूक पासपेक्षा डोक्याने चेंडू अडवणारा उंच खेळाडू अधिक उपयोगी ठरतो.

या अजिंक्यपदाची किंमत मात्र विद्यापीठाच्या हद्दीवर ठरत आली आहे. 1940 मध्ये स्थापन झालेले सोलापूरचे दयानंद महाविद्यालय जागचे न हलता मुंबई, 1949 नंतर पुणे, 1962 नंतर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि 2004 पासून सोलापूर विद्यापीठ अशा चार विद्यापीठांच्या छत्राखाली आले. शिवाजी विद्यापीठाच्या काळात सोलापूरच्या संघांची गाठ कोल्हापूरच्या महाविद्यालयांशी पडण्याची शक्यता असे, आणि कोल्हापूर म्हणजे तालमींच्या नावाने संघ उतरवणारे, शाहू स्टेडियमवर गर्दी खेचणारे फुटबॉलवेडे शहर. आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर या नावाने ओळखले जाणारे एका जिल्ह्याचे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा अजिंक्यपद जवळ आले, पण त्यासाठी लागणारी कसोटी सौम्य झाली, असे म्हणणे भाग आहे.

अमेरिकेत ओहायोतील माउंट युनियन या छोट्या शिक्षणसंस्थेने, लंबगोल चेंडूच्या तिथल्या फुटबॉलमध्ये, क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय अजिंक्यपदे 13 वेळा स्वतःच्या नावावर मिळवली. भारतातील संलग्न महाविद्यालयाला ही वाट नाही. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत महाविद्यालय नव्हे, तर विद्यापीठ उतरते. सोलापूरचा संघ पश्चिम विभागात महाराष्ट्राबरोबरच गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठांशी खेळतो आणि विभागात वरचे स्थान मिळाले, तरच अखिल भारतीय फेरी गाठतो.

म्हणून जिल्ह्याचे अजिंक्यपद हाती आले की महाविद्यालयाचे नाव असलेली जर्सी उतरते आणि निवड चाचणी सुरू होते. तीत करंडकाला फारसे वजन नसते: उपांत्य फेरीत हरलेल्या महाविद्यालयाचा गोलरक्षक विजेत्यांच्या गोलरक्षकाला मागे टाकून विद्यापीठाच्या संघात येऊ शकतो, आणि ज्याने त्याच्यावर गोल केला तो आघाडीपटू पुढच्या सामन्यात त्याच्याच बाजूने खेळतो.